पावती आल्याशिवाय पुढचा नंबर नाही

२ मे १९६८. आज कपडे वाळत घालायची तार घासायला काढली आहे. तांब्याची तार आहे. वर्षभरात तिच्यावर हिरवा थर चढतो आणि पांढऱ्या कपड्यावर त्याची रेघ उमटली की ती कशानेच जात नाही. परवा यजमानांच्या सदऱ्यावर उमटली. म्हणून चिंचेचा कोळ, मीठ आणि काथ्याचा बोळा घेऊन सकाळपासून अंगणात बसले आहे. कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "अवो, दोरी बांधा ना एखादी! कपड्याच्या तारेले कोणी भांड्यावानी घासते काय?"

मी म्हटलं, "दोरी दरवर्षी कुजते. ही दहा वर्षं टिकली आहे."

तेवढंच सांगितलं. ही तार मुळात कपड्यांची नाही, वायरलेसची आहे, असं म्हटलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि तिचं दूध चुलीवर होतं. ते पुढचं इथे लिहिते.

दहा वर्षांपूर्वी आम्ही अकोल्याला होतो. यजमान सरकारी वायरलेस केंद्रात ऑपरेटर होते. केंद्र म्हणजे तीन खोल्यांची बैठी इमारत. एका खोलीत यंत्रं, एकीत बॅटऱ्या आणि त्या चार्ज करायचं इंजिन, तिसरी साहेबांची, जे बहुतेक दौऱ्यावर असत. आमचं क्वार्टर त्याच इमारतीला चिकटून होतं. माझं स्वयंपाकघर आणि यंत्रांची खोली यांच्यात एकच भिंत, तीही एका विटेची, पातळ. भिंतीच्या त्या बाजूला दिवसभर कट्‌-कट्ट चाले; येणारे संदेशही हेडफोनबरोबर एका छोट्या भोंग्यावर वाजत. पहिले सहा महिने डोकं उठलं. नंतर सवय झाली, आणि सवयीबरोबर अक्षरंही कळायला लागली. मुद्दाम शिकले नाही. भाकरी थापताना कान मोकळेच असतात.

तेव्हा या यंत्रांवर बोलता येत नसे. सगळं खटक्यावर. बारका आवाज, लांब आवाज, त्यांची अक्षरं, अक्षरांचे शब्द. आणि मधली हवा कधी साफ, कधी नाही. सकाळी थंड वेळेला अमरावती अशी ऐकू येई की जणू माणूस अंगणात उभा आहे. दुपारी ऊन तापलं, कुठे ढग गडगडायला लागले, की हेडफोनमध्ये नुसती खरखर. कढईत मोहरी तडतडावी तशी.

यजमानांचं काम त्या हवेकडे बघून बदले. साफ असेल तर हात जलद, शब्द एकदाच. खरखर सुरू झाली की हात संथ. फारच झालं तर प्रत्येक शब्द दोनदा. संदेशाच्या डोक्यावर नंबर असे, आणि एकंदर शब्द किती ते. घेणाऱ्याने शब्द मोजायचे. कमी भरले तर अमक्या शब्दापासून तमक्या शब्दापर्यंत पुन्हा पाठव, असं मागायचं. एखादा शब्द गाळला गेला म्हणून सगळा संदेश परत मागणारा ऑपरेटर यजमानांना आळशी वाटे. सगळं जुळलं की घेणाऱ्याने पावती द्यायची. ती तीनच आवाजांची: एक बारका, एक लांब, एक बारका. ती आली की पाठवणाऱ्याने पुढचा नंबर घ्यायचा. नाही आली तर तोच संदेश पुन्हा.

घरातही हीच तऱ्हा होती. बाजारात जाताना मी म्हटलं, "तेल आणा," की दारातून उत्तर येई, "तेल. शेंगदाण्याचं. बरणी घेतली." मी हसत असे. माझ्या बहिणीला तर हे सांगून सांगून हसवलं आहे. पण तेल कधी विसरलं नाही, हेही खरं.

अमरावतीच्या केंद्रावर तेव्हा जो ऑपरेटर होता तो यजमानांच्याच हाताखाली तयार झालेला. माझ्या माहेरच्या गल्लीतला, पंचविशीचा, लग्न व्हायचं होतं. शिकायला अकोल्याला आला तेव्हा आमच्याकडेच जेवायचा. हात फार चपळ होता, डोकं त्याहून चपळ. धीर मात्र नव्हता. शिकत असताना एकदा त्याने तीन संदेश एकामागून एक सोडून दिले. पावतीसाठी थांबलाच नाही. मधला संदेश पोचला नाही, आणि त्यात धान्याच्या मोटारींचा रस्ता बदलल्याचं होतं. मोटारी जुन्याच रस्त्याने गेल्या आणि भलत्याच गावी जाऊन उभ्या राहिल्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्याची हजेरी चालू होती.

"पत्र पेटीत टाकलं आणि मोकळा झालास? पावती कुठे आहे?"

"साहेब, हवा साफ होती. मले वाटलं पोचलं असंल."

"तुला वाटून काय उपयोग? त्याला पोचलं पाहिजे ना. पावती आल्याशिवाय पुढचा नंबर नाही. म्हण."

"पावती आल्याशिवाय पुढचा नंबर नाही."

"उद्या मी स्वतः सांगितलं तरी नाही."

"तुम्ही सांगितलं तरी नाही, साहेब."

त्याने माझ्याकडे बघून नाक मुरडलं. मी चहा ठेवला आणि बाहेर आले. पण ते वाक्य त्याच्या अंगात मुरलं. वर्षभराने अमरावतीला नेमणूक झाली तेव्हा तो यजमानांइतकाच, कदाचित थोडा जास्तच, काटेकोर झाला होता.

आता माझं. मी लग्नाआधी मॅट्रिक झाले होते. दोन मुलं झाल्यावर बाहेरून परीक्षा देत देत बी. ए. झाले. हे का केलं असं लोक विचारत. नोकरी करायची म्हणून केलं, दुसरं काही नाही. त्या वर्षी अमरावतीच्या एका कन्याशाळेत शिक्षिकेची जागा निघाली. यजमानांची बदली वर्षभरात अमरावतीलाच व्हायची होती, तोवर मी माहेरी राहायचं, असं आम्ही ठरवलं. बाबा त्याच गावात संस्कृत शिकवत, शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई त्यांच्या ओळखीच्या. अर्ज गेला. उमेदवार दोनच उरले, मी आणि नागपूरकडची एक मुलगी. समितीपुढे एकदा उभं राहायचं, प्रमाणपत्रं दाखवायची, एवढंच बाकी होतं. मुलं उन्हाळ्याच्या सुटीत आजोबांकडे गेलेली होती. बाबांचं पत्र आलं: बैठकीचा दिवस ठरला की लगेच तार करतो, या आठवड्यात किंवा पुढच्या, तयारीत राहा.

मी तयारीत राहिले. प्रमाणपत्रं पिशवीत घातली. निळ्या काठाची पांढरी साडी खळ घालून, इस्त्री करून ठेवली.

त्याच आठवड्यात एका रात्री वादळ आलं. आमच्याकडे मे महिन्यात असं वादळ येतं. पाऊस थोडा, वारा फार. सकाळी उठून बघते तर अंगणात कडुलिंबाच्या डहाळ्यांचा खच, केंद्राच्या व्हरांड्याच्या छपरावरची दोन कवेलू खाली. शिपाई बातमी घेऊन आला की मूर्तिजापूरच्या बाजूला तारेचे खांब आडवे झाले आहेत, तार बंद, ट्रंककॉल बंद. गाड्या मात्र उशिरा का होईना चालू होत्या.

म्हणजे आता अमरावतीहून लगेच काही कळायचं तर ते एकाच वाटेने कळणार होतं, माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून. तारा तुटल्या की सरकारी कामं उरकल्यावर लोकांचे निकडीचे निरोपही वायरलेसवर घेतले जात. बाबांना हे माहीत होतं. ऑपरेटर गल्लीतला होता.

दुपारी बाराच्या वेळेला अमरावती सुरू झाली. मी भिंतीला लागून बसले होते. सुरुवातीलाच पाठवणारा सांगत असे की माझ्याकडे किती संदेश आहेत. त्याने तीन म्हटलं. मी उठून यंत्रांच्या खोलीच्या उंबऱ्याशी गेले. आत जायची परवानगी नव्हती, उंबऱ्यापर्यंत चालत असे.

पहिला संदेश मोठा होता. शंभराच्या वर शब्द. रस्त्यावरच्या एका पुलाचा भराव खचला, मोटारी कुठे थांबवायच्या, कुठून वळवायच्या, असा. यजमानांनी तो घेतला, शब्द मोजले, जुळले, पावती दिली. कट्‌-कट्ट-कट्‌.

पलीकडे क्षणभर शांत. मग तोच संदेश पहिल्यापासून पुन्हा सुरू झाला.

यजमानांनी पुन्हा पावती दिली. जरा सावकाश, दोनदा.

पुन्हा तोच संदेश.

"काय झालं?" मी विचारलं.

"माझी पावती त्याला ऐकू जात नाही. त्याच्या बाजूला खरखर असेल."

"तुम्हाला त्याचं ऐकू येतं?"

"स्वच्छ."

"त्याच्याकडे तीन आहेत ना? बाकीचे दोन कोणते?"

"एक सरकारी. एक खासगी."

"खासगी कोणाचा?"

"ते नाही सांगितलं." त्यांनी हेडफोन एका कानावरून सरकवला. "कोणाचाही असेल. तार बंद आहे, गावातलं कोणीही आलं असेल."

मला तसं वाटलं नाही. त्यांनाही वाटलं नसावं, कारण त्यांनी माझ्या साडीकडे पाहिलं. मी सकाळीच नेसून बसले होते.

दुपारची पॅसेंजर दीडच्या सुमाराला होती. मी शिपायाला टांगा आणायला पाठवलं. शिपाई पातूरकडचा, चाळिशी उलटलेला, जिभेला हाड नसलेला माणूस. टांगा दारात उभा करून आला आणि खिडकीतून कान देऊन म्हणाला, "बाई, अमरावतीवाला काहून रडून राहिला जी? तेच तेच, तेच तेच. नवी नवरी सासरचं गाऱ्हाणं सांगते तसं."

"तू इंजिन सुरू कर," यजमान आतून म्हणाले. "बॅटरी उतरलेली दिसते."

"बॅटरी काल रातीच भरली न सायेब."

"सुरू कर म्हटलं ना."

इंजिन धडधडायला लागलं. आता विचार केला की त्या दुपारी काय चाललं होतं ते स्पष्ट दिसतं. पावती येत नाही म्हणून अमरावतीवाल्याला वाटलं, आपलं अकोल्याला पोचत नाही. तो संथ झाला. मग प्रत्येक शब्द दोनदा पाठवायला लागला. शंभराचे दोनशे झाले. इकडे त्याचं पहिल्याच वेळी पोचलेलं होतं. पोचत नव्हती ती पावती. आणि यजमानांना वाटत होतं, त्याच्या बाजूला खरखर आहे. तेही संथ झाले, पावती तीनदा, चारदा. दोघेही एकमेकांसाठी हळू होत गेले, शिकवलं होतं तसे, आणि हळू होण्याने काहीही सुटणार नव्हतं.

मी उंबऱ्यात उभी होते. "मी जाऊ का?"

"काय निरोप आहे ते माहीत नसताना?"

"माझाच असेल."

"असेल. पण आज नको, सोमवारी ये, असाही असेल. मुलांना ताप आला असेल. गाडी उशिरा आहे म्हणतात. थांब, त्याला पावती पोचली की दहा मिनिटांत सगळं येईल."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. आमच्या घरात अंदाजाने निघायची रीत नव्हती. ती रीत मलाही पटलेली होती, म्हणून तर मी थांबले.

टांगेवाला दोनदा हाक मारून गेला. मग दुसरं गिऱ्हाईक मिळालं तसा निघाला. शिपाई त्याच्यामागे ओरडला, "अबे, थांब ना लेका, बाईले नोकरीवर जायचं हाये!" टांगेवाला म्हणाला, "मंग बाईले सांग, निंघा म्हणा! मी का इथं वरात घेऊन आलो?"

थोड्या वेळाने पॅसेंजरची शिट्टी ऐकू आली. आमच्याकडे वारा स्टेशनकडून आला की शिट्टी अगदी घरात वाजल्यासारखी ऐकू यायची. भिंतीपलीकडे अमरावती पुलाच्या भरावाचे शब्द दोनदा-दोनदा पाठवत होती.

मी आत गेले. साडी बदलली, घडी घालून ट्रंकेत ठेवली. नुसतं बसून काय करायचं? दोन दिवसांचे कपडे पडले होते. एरवी मी कपडे सकाळी आठलाच धुते. त्या दिवशी निघायच्या नादात धुतले नव्हते. बादली भरली, कपडे धुतले, पिळले आणि मागे गेले.

आमची कपड्यांची दोरी केंद्राच्या मागे, मोठ्या कडुलिंबापलीकडे होती. वायरलेसची तारही, जिला सगळे एरियल म्हणत, छपरावरून निघून त्या लिंबाच्या फांद्यांतून पलीकडच्या खांबाला जाई. समोरून बघणाऱ्याला तार लिंबात शिरताना दिसायची, सरळ, ताठ. रात्री एक फांदी मोडून अर्धी तारेवर टेकली होती. तिच्या भाराने तार ताठ राहिली होती. आणि लिंबापलीकडे तार नव्हतीच. तुटून खाली पडली होती. कोणाची तरी शेळी तिच्यात पाय अडकवून उभी होती आणि मजेत पाला खात होती.

मी बादली ठेवली आणि ओरडले.

यजमान हेडफोनसकट दारात आले, मग हेडफोन टाकून मागे धावले. बघितलं.  अर्ध्या तारेवर दुसऱ्याचं ऐकू येऊ शकतं, आपलं लांब जात नाही, हे मला नंतर त्यांच्या कामाच्या बोलण्यातून कळलं. तेव्हा फक्त शिपायाला शिडी आणायला सांगितलं.

"सायेब, शेळी आधी सोडू का तार आधी बांधू?"

"शेळी सोड!"

"बाईले विचारतो. बाईनं सापडली."

"अरे, सोड शेळी," मी म्हटलं.

कोठीतून नवी तार काढली, शिपाई खांबावर चढला, यजमानांनी खालून दोर ओढला. त्याला बराच वेळ लागला. लिंबाची फांदी कापायची, जुनी तार उतरवायची, गाठी बसवायच्या. मी कपडे तसेच पिळे करून बादलीत ठेवून शिडी धरून उभी राहिले. मग ते आत गेले आणि खटक्यावर हात ठेवला.

कट्‌-कट्ट-कट्‌. एकदाच.

पलीकडचा संदेश अर्ध्यात थांबला. मग अमरावतीने जो हात सोडला तो मी तोवर ऐकला नव्हता. जलद, एकेकच शब्द, कुठे अडखळणं नाही. दुसरा नंबर आला. पावती गेली. तिसरा आला. पावती गेली. त्या वर्षभरात इतका स्वच्छ संदेश या भिंतीतून आला नसेल. एकही शब्द परत मागावा लागला नाही.

मला तो भिंतीतूनच कळला होता. तरी यजमान रीतसर घेऊन आले. फॉर्मवर उतरवलेला, डोक्यावर नंबर आणि शब्दसंख्या, मिळाल्याची वेळ खाली. चार वाजून गेले होते. मजकूर इंग्रजीत होता, त्याचा अर्थ असा: बैठक आजच पाच वाजता. अध्यक्ष उद्या गावाला जात आहेत. दुपारच्या पॅसेंजरने ये. प्रमाणपत्रं आण. बाबा.

मी वाचला. यजमान उभेच होते. त्यांनी वही पुढे केली. निरोप ज्याचा त्याला दिला की त्याची सही घ्यायची असते. त्यांचा हात सवयीने पुढे आला होता. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि ते वही मागे घ्यायला लागले.

"द्या," मी म्हटलं, आणि सही केली.

मग कपडे वाळत घातले. उन्हं उतरली होती, पण वारा होता.

नोकरी त्या नागपूरकडच्या मुलीला मिळाली. चांगली शिकवते असं पुढे ऐकलं, माझ्या भाचीला ती होती. त्या वर्षअखेर यजमानांची बदली झाली, पण अमरावतीला नाही. तालुक्याच्या अशा गावी झाली की तिथे मुलींची माध्यमिक शाळाच नव्हती. मग आणखी एका गावी. अमरावतीला यायला सात वर्षं गेली. तोवर बी. ए. झालेल्या, शिवाय बी. टी. केलेल्या मुली रांगेत उभ्या होत्या आणि माझ्या पायाशी तिसरं मूल होतं. मी पुन्हा दोनदा अर्ज केला. नंतर सोडून दिलं. घरी चार मुली शिकायला येतात, इंग्रजी आणि गणित. त्यांच्यापैकी एकीला विचारलं तर ती सांगेल की बाई मारत नाहीत पण उत्तर दोनदा म्हणायला लावतात.

तो अमरावतीचा ऑपरेटर त्या घटनेनंतर महिन्याभराने कामासाठी अकोल्याला आला होता. जेवायला बसला, पण ताटाकडे बघत राहिला.

"वहिनी, तुमच्या बाबांचा निरोप सकाळपासून माझ्या टेबलावर होता. दोनदा हातात घेतला. म्हटलं, तेवढाच सोडून द्यावा. ऐकलं तर ऐकलं."

"मग?"

"पावती नव्हती ना." त्याने यजमानांकडे पाहिलं.

यजमान म्हणाले, "बरोबर केलंस."

मी भाजी वाढत होते. डाव तसाच हातात राहिला. ते त्याच्यावर ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. तो निरोप त्याने नुसता हवेत सोडला असता तर तो पोचलाच असता, कारण इकडे कान उघडे होते आणि ऐकू येत होतं. एवढी साधी गोष्ट. पण नियम करणाऱ्याला असं कधी वाटलं नव्हतं की पलीकडचा मुका असेल आणि तरी बहिरा नसेल.

हे यजमानांनाही कळलं होतं. जेवण झाल्यावर दोघं व्हरांड्यात बसून बराच वेळ बोलले. त्यानंतर त्यांच्या दोघांच्या कामात फरक पडला, तो मला भिंतीतून कळला. दोनदा पाठवूनही पावती आली नाही तर तिसऱ्यांदा तोच संदेश पाठवायचा नाही. पुढचे नंबर तसेच सोडायचे, एकामागून एक. पावत्या जमतील तेव्हा एकदम घ्यायच्या, आणि ज्या नंबरची पावती नसेल तेवढाच परत पाठवायचा. चांगली सुधारणा होती. त्याच पावसाळ्यात त्याचा उपयोगही झाला. ती माझ्यासाठी केलेली नव्हती, कामासाठी होती. तसंच असायला हवं. पण मी भाकरी थापताना ते एकामागून एक येणारे नंबर ऐकत असे आणि माझी भाकरी करपत असे.

आम्ही दोघं त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. भांडलोही नाही. भांडायला कोणाचं तरी चुकलेलं लागतं. एकच झालं, मी त्यांच्या "तेल, शेंगदाण्याचं, बरणी घेतली" या उत्तराला हसणं सोडलं, आणि काही दिवसांनी त्यांनी तसं म्हणणं सोडलं. आता ते नुसती मान हलवतात. तेल अधूनमधून राहतं.

तुटलेल्या तारेचा लांब तुकडा कोठीत परत घेण्यासारखा नव्हता, तो साहेबांनी निकामी म्हणून काढून टाकला. मी मागून घेतला. तीन गावं आमच्याबरोबर फिरला. घासून झाला आहे, आता उन्हात ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगायचं राहिलं. तो निरोप मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठले, पोळ्या करून झाकून ठेवल्या, ट्रंकेतली निळ्या काठाची साडी काढून नेसले. यजमान दात घासत होते. "कुठे?" "अमरावतीला."  सकाळच्या गाडीने बडनेरा, तिथून दुसऱ्या गाडीने अमरावती, स्टेशनवरून पायी शाळा. सुटी असल्यामुळे शाळा रिकामी होती. मुख्याध्यापिकाबाई कार्यालयात कपाट आवरत होत्या. मी नाव सांगितलं.

"अहो, तुम्ही काल यायचं होतं," त्या म्हणाल्या. "आम्ही साडेपाचपर्यंत वाट पाहिली. समितीला वाटलं, तुमचा विचार बदलला."

"काल चारनंतर निरोप पोचला."

"आता जागा भरली हो."

"ते कळलं मला. जागेसाठी नाही आले मी."

"मग?"

"विचार बदलला नव्हता. निरोप उशिरा पोचला. एवढं तुम्हाला कळावं म्हणून आले."

त्या कपाटाचं दार धरून माझ्याकडे बघत राहिल्या. "एवढंच सांगायला अकोल्याहून आलात?"

"हो."

त्यांनी दार लावलं. "समजलं," त्या म्हणाल्या. "बसा, पाणी आणायला सांगते."

पाणी मी उभ्यानेच प्यायले, आणि मुलांना आणायला बाबांकडे गेले.